बाकडे, नग एक, फुगवट्यासह

सोमवार, दिनांक ४ मार्च. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. बाकडे, नग एक, मिळाले.

एवढी नोंद करून पालिकेच्या भांडारपालाने मला पोच दिली. ती घडी घालून खिशात ठेवताना मी मेव्हण्याला म्हणालो, "झाले! आता हे कंत्राट आपल्या हातून जायचे असेल, तर खुद्द बाकड्यालाच पळून जावे लागेल."

हे वाक्य मेव्हण्याने तीन आठवडे जपून ठेवले आणि नेमक्या वेळी मला परत केले. ते पुढे येईलच.

मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक. तिथून बाहेर पडून चाळीसहून अधिक वर्षे लोटली, पण तिथे लागलेली एक सवय सुटली नाही. काम हाती घेण्यापूर्वी कागद पूर्ण वाचायचा आणि वाचलेला कागद पूर्ण पाळायचा. माझी दोन शेडची कार्यशाळा आहे. एका शेडमध्ये पाइप वाकवण्याचे यंत्र आहे, ते मी स्वतः बनवले. दुसऱ्या शेडमध्ये वेल्डर आहे, तो मात्र तयारच मिळाला. आम्ही फाटके, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे करत असू. मग लोक फाटकेसुद्धा तयार विकत घेऊ लागले आणि आमचे यंत्र आठवड्यातून दोनच दिवस चालू लागले.

हिशेब सौभाग्यवतींकडे असतो. एका संध्याकाळी त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितले, "अहो, एखादं मोठं काम आणा. नाहीतर शेडला कुलूप लावा. माझा भाऊ तुम्हाला गल्ल्यावर बसवायला तयार आहे."

हा भाऊ म्हणजेच माझा मेव्हणा. त्याचे गाद्यांचे दुकान आहे. आता विचार करा! ज्याने हयातभर 'ताठ बसा' असे सांगत लोखंड वाकवले, त्याने उरलेले आयुष्य 'आडवे होऊन बघा' असे सांगत काढायचे! गाद्यांच्या दुकानात मी म्हणजे कापसाच्या गोणीत हातोडा.

वेल्डरला हे कळले तेव्हा त्याने मुखवटा वर करून एकच प्रश्न विचारला. "आणि मी काय करू तिथं? उशा वेल्ड करू?"

म्हणून पालिकेची निविदा निघाली तेव्हा मी ती वाचली नाही, तर अभ्यासली. कार्यालयांत येणाऱ्या नागरिकांसाठी लोखंडी बाकडी, नग साठ. लांबी सहा फूट, रंग करडा. बाकी 'मजबूत, सुबक व आरामदायी' एवढेच लिहून आराखडा करणाऱ्यावर सोडला होता. आधी प्रत्येकाने एक नमुना द्यायचा. समितीने तो पसंत केला तरच दराचे पाकीट उघडायचे. आणि अट क्रमांक सतरा: 'नमुन्यावर पुरवठादाराचे नाव, चिन्ह अथवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण नसावी.'

ही अट पक्षपात होऊ नये म्हणून असते. मी ती शब्दशः पाळली. माझ्या प्रत्येक वस्तूला मागच्या बाजूस कार्यशाळेची छोटी पट्टी असते, ती काढली. पट्टीची भोके बुजवली. बुजवलेली भोके घासून त्यांवर दोन हात रंग दिला. ते बाकडे इतके निनावी झाले की क्षणभर मलाच परके वाटले.

त्यात एकच दोष राहिला. बैठकीच्या खालच्या बाजूने मधली पट्टी पुढच्या पाइपाला जोडताना वेल्डर शिंकला. हात हलला आणि सांध्यावर चिंचोक्याएवढा फुगवटा आला. मी ग्राइंडर उचलला आणि वीज गेली. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळची होती. "खाली वाकून कोण बघतंय, साहेब?" वेल्डर म्हणाला. तो बरोबर होता. तरीही तो फुगवटा दातात अडकलेल्या कणासारखा माझ्या डोक्यात राहिला.

भांडारपालाने नमुन्याला दोऱ्याने एक क्रमांकाची चिठ्ठी बांधली. "आत जागा नाही, काका. व्हरांड्यात ठेवा," तो म्हणाला. आम्ही ते दाखल्यांच्या खिडकीसमोर, भिंतीला लावून ठेवले. शेजारी आमच्या प्रतिस्पर्ध्याचे बाकडे होते. त्याला बाजारात सगळे रिबीनवाले म्हणतात, कारण तो कचऱ्याची पेटीसुद्धा रिबीन बांधल्याशिवाय देत नाही. त्याचे बाकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते आणि वर लाल रिबिनीचे फूल होते. अट क्रमांक सतरा त्याने वाचली नव्हती हे उघड होते. मला त्याची कीव आली!

समितीची बैठक पंचवीस तारखेला दुपारी तीनला होती. मी एक तास आधी पोहोचलो. नमुना परत आणावा लागला तर असावा म्हणून मेव्हण्याने त्याचा गाद्यांचा टेम्पोही आणला होता.

व्हरांड्यात रिबीनवाल्यांचे बाकडे नव्हते. ते सभागृहात गेले होते. माझे मात्र जागेवरच होते आणि त्यावर चार माणसे बसली होती. पाचवा उभा राहून कुणी उठते का याची वाट पाहत होता. चिठ्ठीचा पत्ता नव्हता.

"इथे दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती," मी टोकाला बसलेल्या आजींना म्हणालो.

"ती होय? टोचायची मेली. मीच काढून टाकली मागच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यातही आपण इथे होता?"

"दाखल्यासाठी येत होते."

"अजून मिळाला नाही?"

"मिळाला की! तेव्हाच मिळाला. पण इथं पाठीला बरं वाटतं, म्हणून येते." त्यांनी सरकून बाकड्यावर थाप मारली. "बसा ना. होईल जागा."

खरे सांगतो, एवढी पावती मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. पण छाती पुरती फुगण्याआधीच माझी नजर मागच्या पायावर गेली. तिथे पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिले होते: ज. सं. २१७.

ज. सं. म्हणजे जडसंग्रह. कार्यालयातली जी वस्तू वापरून संपत नाही आणि स्वतःच्या पायाने निघून जात नाही, ती जडसंग्रहात मोडते. कपाटे, पंखे, टेबले, आणि आता माझे बाकडे!

मी भांडारपालाकडे गेलो.

"साहेब, व्हरांड्यातले ते बाकडे निविदेचा नमुना आहे."

"कुठलं? दोनशे सतरा? ते कार्यालयाचं आहे. नंबर नाही का दिसला?"

"नंबर तुम्ही घातलात!"

"मग कोण घालणार? वार्षिक पडताळणी झाली. आवारात जे दिसेल त्याला नंबर द्यायचा, असा हुकूम होता."

"पण माझ्याकडे तुमची पोच आहे." मी घडी उलगडली.

त्याने ती मोठ्याने वाचली. "'बाकडे, नग एक, मिळाले.' बरोबर आहे की, काका. मिळालं म्हणूनच जमा केलं."

"आणि रिबीनवाल्यांचे कसे नाही जमा केले?"

"त्याला रिबीन होती ना! कळत होतं की हे कुणाचं तरी आहे. तुमच्यावर नाव नाही, गाव नाही, कंपनीची पट्टी नाही."

"अट क्रमांक सतरा!" मी ओरडलो.

"असेल. पण बिननावाची वस्तू कार्यालयात सापडली तर ती कुणाची?" प्रश्न विचारून त्याने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "कार्यालयाची." आणि तो चहा प्यायला निघून गेला.

दाराशी मेव्हणा उभा होता. तीन आठवडे जपलेले वाक्य त्याने तेव्हा बाहेर काढले.

"भाऊजी, बाकडं पळून नाही गेलं. त्याने सरकारी नोकरी धरली!"

तीन वाजायला दहा मिनिटे होती. वाद घालत बसण्यापेक्षा बाकडे सरळ समितीपुढे नेऊन ठेवणे श्रेयस्कर, असे मी ठरवले. व्हरांड्याच्या टोकाला सभागृहाचे दार आहे, पण वाटेत पाण्याच्या टाकीपाशी असे वळण आहे की सहा फुटी वस्तू तिथून फिरत नाही. हे मी नजरेनेच मोजले. म्हणून पुढच्या पोर्चमधून बाहेर पडायचे आणि इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरायचे. योजना निर्दोष होती.

"आजी, दोन मिनिटं उठता का?" मेव्हणा म्हणाला.

"का म्हणून? आधी मी आले."

"परत आणून ठेवतो."

"नक्की?"

मेव्हण्याने शब्द दिला. चौघे उठले. आम्ही दोन टोके धरून बाकडे उचलले आणि पोर्चमध्ये आलो. समोर फाटक होते. फाटकात मेव्हण्याचा टेम्पो होता, मागचे दार सताड उघडे. आणि टेम्पोशेजारी हातात चहाचा पेला घेऊन भांडारपाल उभा होता.

त्याने बाकड्याकडे पाहिले. टेम्पोकडे पाहिले. पेला खाली पडला.

"चोर! धरा! दोनशे सतरा चाललं!"

त्या कार्यालयात मी पंधरा वर्षे जातो. तिथे कुणी इतक्या चपळाईने जागेवरून उठल्याचे मी तोवर पाहिले नव्हते. खिडक्यांमागचे कारकून आले, रांगेतले नागरिक आले. सगळ्यांच्या पुढे आजी होत्या. "तरी म्हटलं, दोन मिनिटं कशाला हवीत!" असे म्हणून त्या तरातरा आल्या आणि आमच्या हातातल्या बाकड्यावर बसल्या. आम्हाला ते खाली ठेवावेच लागले.

गलका ऐकून समिती बाहेर आली. अध्यक्ष अभियंता मॅडम होत्या. त्या एक हात कमरेवर ठेवून चालत होत्या, कारण बैठकीची वाट पाहत त्या वीस मिनिटे रिबीनवाल्यांच्या नमुन्यावर बसलेल्या होत्या. त्यांच्या मागून खुद्द रिबीनवाले आले.

"काय चाललंय?" असे विचारत मॅडम आजींच्या शेजारी टेकल्या. उरलेल्या जागेत समितीचे दोन सदस्य बसले. अशा रीतीने समितीपुढे माझ्या नमुन्याची सुनावणी झाली आणि समिती त्या वेळी माझ्या नमुन्यावरच बसलेली होती!

मी सगळे क्रमवार सांगितले. भांडारपालाने सगळे क्रमवार खोडले. मेव्हण्याला टेम्पोत काय आहे असे विचारले, तेव्हा त्याने "दोन डबल, एक सिंगल" असे उत्तर दिले आणि प्रकरण आणखी बिघडले.

मॅडमनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. बोलता बोलता त्यांचा कमरेवरचा हात खाली आला. त्या मागे रेलल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "कागदोपत्री हे बाकडं कार्यालयाचं आहे. कागदाच्या विरुद्ध मला जाता येत नाही. म्हणजे तुमचा नमुना आलाच नाही असं धरावं लागेल. या गृहस्थांचा आला, पण तो कुरकुरतो."

"नवीन आहे, मॅडम, बसून बसून मोकळं होईल," रिबीनवाले म्हणाले.

"बसून बसून माझी कंबर मोकळी झाली! तिसऱ्यांनी नुसता फोटो पाठवलाय. फोटोवर बसता येत नाही." त्यांनी बाकड्याचा हात कुरवाळला. "कार्यालयात मुळात इतकं चांगलं बाकडं असताना आपण नमुने कशाला शोधतोय? आठ दिवसांत सगळ्यांनी नवा नमुना आणा. अगदी दोनशे सतरासारखा. तंतोतंत. आम्ही टेप लावून मोजणार. काही शंका?"

"मॅडम, पण हे मीच केलेले आहे!"

"मग काय," मॅडम उठत म्हणाल्या, "तुम्हाला तर सोपंच आहे."

घरी हे ऐकून सौभाग्यवती पहिल्यांदाच हसल्या. "अहो, म्हणजे काम मिळालंच की! तुमचंच बाकडं, तुम्हीच त्याची नक्कल करायची. फक्त एक शब्द द्या मला."

"कोणता?"

"काही सुधारायचं नाही."

"सुधारणेला हरकत काय—"

"माझं शिवणयंत्र तुम्ही सुधारलंत. तेव्हापासून ते फक्त मागे शिवतं. काही सुधारायचं नाही!"

मी शब्द दिला, आणि तो मोडला असे मी आजही मानत नाही. माझी अडचण समजून घ्या. वस्तू बनवणाऱ्याला ती तीन आठवडे वापरात असताना पाहायला सहसा मिळत नाही. मला मिळाली. त्या पोर्चमध्ये मी पाहिले, की आजी उठताना गुडघ्यांवर दोन्ही हात रेटतात. म्हणजे बैठक इंचभर खाली पडते. मॅडम मागे रेलल्या तेव्हा त्यांचे खांदे टेकले नाहीत. म्हणजे पाठ थोडी अधिक कलायला हवी. आणि बाकडे परत जागेवर ठेवताना मला खालच्या फुगवट्याला कुणाच्या तरी पिशवीचा दोरा अडकलेला दिसला. म्हणजे माझ्या बाकड्याने एका नागरिकाची पिशवी उसवली होती!

याला सुधारणा म्हणत नाहीत. याला चूक दुरुस्त करणे म्हणतात. तंत्रनिकेतनात हा फरक पहिल्याच वर्षी शिकवतात.

"साहेब," वेल्डर म्हणाला, "वहिनींनी सांगितलंय, तसंच करायचं."

"तसेच करतो आहोत. फक्त नीट."

"नीट नको. तसंच."

मी ग्राइंडर फिरवला. फुगवट्याच्या जागी सांधा असा गुळगुळीत झाला की त्यावरून बोट घसरावे. त्या दिवशी मी तृप्त मनाने जेवलो.

त्याच दिवसांत रिबीनवाले काय करत होते, ते मला नंतर भांडारपालाने सांगितले. ते रोज पालिकेत जात. वर आजी बसलेल्या असत आणि खाली, दोन्ही बाजूंच्या चपलांच्या मधोमध, रिबीनवाले उताणे पडून विजेरीच्या उजेडात मापे घेत. पट्टीपट्टीचे अंतर त्यांनी घेतले. पाइपापाइपाचा व्यास घेतला. आणि त्या फुगवट्याचा त्यांनी मेणात ठसा घेतला!

आठ दिवसांनी दोनशे सतरा सभागृहाच्या मध्यभागी ठेवले गेले, एका बाजूला रिबीनवाल्यांचे, दुसऱ्या बाजूला माझे. फोटोवाले आलेच नाहीत. एक कनिष्ठ अभियंता टेप धरून मापे सांगत होता आणि मॅडम खुणा करत होत्या. रिबीनवाल्यांची लांबी जुळली, उंची जुळली, पाठीचा कोन जुळला.

"बैठकीखाली पुढच्या सांध्यावर मूळ बाकड्याला एक फुगवटा आहे," कनिष्ठ अभियंता आडवा पडून म्हणाला.

"यांच्यात आहे?"

त्याने हात घालून चाचपले. "आहे, मॅडम. गोल आहे. किंचित डावीकडे झुकलेला. जुळतो!"

रिबीनवाल्यांनी नम्रपणे मान खाली घातली.

मग माझा नमुना. लांबी जुळली. उंची जुळली नाही. कोन जुळला नाही.

"फुगवटा?"

"नाहीच, मॅडम! एकदम सपाट आहे."

आता मात्र माझा संयम सुटला. "मॅडम, तो फुगवटा हा रचनेचा भाग नाही! ती शिंक आहे!"

"कुणाची?"

"माझ्या वेल्डरची."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "तुमचा वेल्डर कार्यालयाच्या बाकड्याखाली कशाला शिंकायला गेला होता?"

मी एवढेच म्हणालो, की एकदा बसून तरी पाहा. त्या बसल्या. मागे रेलल्या. खांदे टेकले. त्यांनी डोळे मिटले. कनिष्ठ अभियंत्याने दोनदा खाकरून पाहिले. बऱ्याच वेळाने मॅडमनी डोळे उघडले आणि अतिशय आपुलकीने माझ्याकडे पाहिले.

"इतकं आरामदायी बाकडं मी कुठेच पाहिलं नाही."

"मग?"

"नामंजूर. जुळत नाही."

आता स्पर्धेत एकटे रिबीनवाले उरले. त्यांचे पाकीट उघडले, दर अंदाजपत्रकात बसला आणि साठ बाकड्यांचे कंत्राट त्यांना मिळाले. माझ्या बाकड्यापुढे माझे बाकडे हरले!

त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी शेडची किल्ली पुसून खिळ्याला टांगली आणि मला सकाळी नऊला दुकानात पोहोचायला सांगितले. वेल्डर दिवसभर मुखवटा न काढता बसून होता.

गाद्यांच्या दुकानातली माझी कारकीर्द एक दिवसाची. पहिले गिऱ्हाईक पाठदुखीची तक्रार घेऊन आले. मी त्यांना मणक्याची रचना समजावली, ताठ फळीचे फायदे सांगितले आणि गादी न घेता जमिनीवर झोपण्याचा सल्ला दिला. ते माझे आभार मानून गेले. दुसरे गिऱ्हाईक आले, तेही आभार मानून गेले. संध्याकाळी गल्ला उघडून मेव्हण्याने आत डोकावून पाहिले.

"भाऊजी, तुम्ही उद्या नका येऊ. तायडीला मी सांगतो काहीतरी."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्येच होतो, यंत्राला शेवटचे तेलपाणी करत, आणि सौभाग्यवती हिशेबाचे कागद आवरत होत्या. तेवढ्यात रिबीनवाले आले. त्यांच्या भुवया नव्हत्या.

"काका, पाइप वाकत नाही हो," ते दारातूनच म्हणाले.

मी त्यांना बसायला स्टूल दिले. त्यांची हकीकत अशी: नमुन्याचा पाइप त्यांनी आत वाळू भरून, भट्टीवर तापवून, चार माणसे लावून हाताने वाकवला होता. चार दिवस लागले होते. भुवया दुसऱ्या दिवशी गेल्या. एकासाठी ते ठीक होते, पण अशी साठ करायची तर सगळ्या कुटुंबाच्या भुवया पुरल्या नसत्या.

"तुमच्याकडे यंत्र आहे. सगळं काम तुम्हीच करा. माझा थोडा वाटा ठेवा, बाकी तुमचं. फक्त एक अट आहे, काका."

"अट मी नेहमीच पाळतो."

"दोनशे सतरासारखं पाहिजे. तसंच्या तसं. फुगवट्यासकट!"

मी तोंड उघडले. उंची, कोन, पिशवीचा दोरा, सगळे ओठांवर आले होते.

"मान्य आहे," सौभाग्यवती म्हणाल्या.

वेल्डरने मुखवटा खाली ओढला आणि ठिणग्या उडू लागल्या. कोणता पाइप जोडायचा हे अजून कुणी सांगितलेही नव्हते.

पुढचे दोन महिने शेड दिवसभर गर्जत होती. यंत्र न थांबता वाकवत होते. अडचण एकच होती. वेल्डरला वेळेवर शिंक येईना. पहिल्या दिवशी त्याने मिरपूड हुंगून पाहिली, पण मग शिंका थांबेनात आणि एकाच बाकड्याला अकरा फुगवटे आले. दुसऱ्या दिवशी तपकीर आणली. तिसऱ्या दिवशी त्याने शिंकेचा नाद सोडला आणि मनगटाला असा एक झटका देण्याचा सराव केला की फुगवटा हुबेहूब चिंचोक्याएवढा यावा आणि डावीकडे झुकावा. पुढेपुढे तो फुगवटे इतके सफाईने काढू लागला की त्याला त्याचा अभिमान वाटू लागला. "हा बघा साहेब, काय झुकलाय!" असे तो मला बोलावून दाखवी. वीस वर्षांत मी त्याला गुळगुळीत सांधा कसा असतो ते शिकवले होते!

सौभाग्यवतींनी खबरदारी म्हणून ग्राइंडर घरी नेऊन कपड्यांच्या कपाटात कुलपात ठेवला. पॉलिश पेपर नेला. जाताना माझ्या खिशातला पेनाएवढा चाकूसुद्धा नेला. "विश्वास आहे माझा तुमच्यावर," त्या म्हणाल्या आणि किल्ली कमरेला लावली.

शेवटचे बाकडे एका गुरुवारी दुपारी पूर्ण झाले. वेल्डर हात धुवायला गेला होता. मेव्हण्याच्या टेम्पोतून एकोणसाठ बाकड्यांच्या खेपा संपून हे एकटेच उरले होते. मी अखेरची तपासणी म्हणून वाकलो. तो फुगवटा तिथे होता. गोल, डावीकडे झुकलेला, पुढची तीस वर्षे नागरिकांच्या पिशव्या उसवायला सज्ज.

खिशात एक छोटी कानस होती. ती तिथे कशी आली ते मला सांगता येणार नाही. सौभाग्यवतींना तर त्याहून सांगता येणार नाही.

पालिकेत तपासणी झाली, तेव्हा मॅडम स्वतः हजर होत्या. कनिष्ठ अभियंता प्रत्येक बाकड्याखाली आडवा झाला. रिबीनवाले दाराशी उभे राहून दर वेळी श्वास रोखत होते, भुवया अर्ध्या उगवल्या होत्या. दोनशे सतरावर आजी बसलेल्या होत्या आणि भांडारपाल पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन नंबर टाकायला तयार होता.

काम मिळाले, हे खरे. शेडला कुलूप लागले नाही, वेल्डरला उशा वेल्ड कराव्या लागल्या नाहीत, आणि पुढच्या निविदेत आम्ही आमच्याच नावाने उतरणार आहोत. फक्त कागदावर सही आता सौभाग्यवती करणार आहेत. परत आलेले बाकडे गाद्यांच्या दुकानात गल्ल्यामागे ठेवले आहे. मेव्हणा दिवसभर त्यावरच बसतो. गादीवर म्हणे त्याची पाठ दुखते.

तपासणीचा निकाल मात्र जसा लिहिला तसाच देतो.

पुरवठा, नग साठ. पसंत एकोणसाठ. नापसंत एक.